आत्याच्या बोटाखाली सरकणारं पान

आधीच सांगते, या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून गालातल्या गालात हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. लाइट गेली की लोकांना काहीही दिसतं, असं माझं मत होतं... खरं तर अजूनही आहे. म्हणून हे लिहायला इतका वेळ लागला. शिवाय मी इंग्लिश मीडियमची, जन्मापासून दिल्लीची. शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला राहायला गेलो होतो. मेट्रो नुकतीच तिथपर्यंत पोचली होती. आमच्या सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि समोर नवा टॉवर चढत होता. त्याच्या माथ्यावरची पिवळी क्रेन दिवसभर सावकाश फिरायची. थंडीत दुपारी धुकं विरलं की आमच्या बाल्कनीत फिकट ऊन यायचं, आणि त्यात बांधकामाची धूळ तरंगत राहायची. तिथली वेताची खुर्ची आत्याची.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. सरकारी नोकरीतून रिटायर झाली आणि आमच्याकडे राहिली. वाचनाशिवाय तिला दुसरं काही लागायचं नाही. पण संधिवाताने तिची बोटं एकमेकांवर चढल्यासारखी वाकली होती. पुस्तक धरता येईना, पान उलटता येईना. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं सरळ राहिलं होतं. मी एकदा पेपर वाचून दाखवायला बसले. माझं अडखळत चाललेलं मराठी तिने थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाली, "राहू दे गं सई. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं मला उष्टं वाटतं."

त्यानंतर ती नुसती क्रेनकडे बघत बसायची. जेवण कमी झालं. बोलणंही कमी झालं. आई बाबांना हळूच म्हणाली, ताईंचं कशातच मन राहिलेलं नाही. मी दाराआडून ऐकलं... मला समोर येऊन बोलण्यापेक्षा दाराआडून ऐकणं जास्त जमतं.

म्हणून मी तो छोटा लॅपटॉप घेतला. इतका हलका, की आत्याच्या मांडीवर उशीसारखा राहायचा. विंडोज त्याच्यावर रांगत चालायचं, म्हणून मी त्याच्या जागी लिनक्स टाकलं. मराठी अक्षरं छान ठळक दिसायला लागली. तिला ही साईट उघडून दिली, हेच सदर. पहिल्यांदा ती स्वतःहून पुढे झुकली.

पण स्क्रीन भरली की गाडी अडायची. पान खाली सरकवणार कसं? टचपॅडवर दोन बोटं एकदम फिरवायची, हे तिच्या बोटांना शक्य नव्हतं. टचपॅडच्या उजव्या कडेवरून एकच बोट खाली ओढायची सोय असते, ती आमच्याकडे चालेना. कीबोर्डचं बटण सारखं दाबलं की तिचा सांधा ठणकायचा. माऊस धरवत नव्हता. म्हणजे मी शेजारी बसून पान सरकवायचं, आणि तिने माझ्या वेगाने वाचायचं. दोन दिवसांत तिने लॅपटॉप मिटायला सांगितला. "तुझं ऑफिस असतं. माझ्यासाठी अडकू नकोस," म्हणाली. तेही उष्टंच होतं ना.

मग मी त्या एका गोष्टीच्या मागे लागले. फोरम्स वाचले, सेटिंग्जच्या फाइल्स बदलल्या, लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू केला. बाण हलायचा, पान हलायचं नाही. शेवटी ऑफिसमधल्या रोहितला विचारलं. तो आमचे सर्व्हर सांभाळायचा. मी त्याच्याशी त्याआधी 'हाय'च्या पुढे बोलले नव्हते. त्याने सांगितल्याप्रमाणे मी एक रिपोर्ट पाठवला, आणि त्याने कारण शोधलं. लिनक्सला हा टचपॅड आहे हे ओळखताच येत नव्हतं. लिनक्स त्याला साधा माऊस समजत होतं – पान सरकवायचं चाक नसलेला. "नया वर्जन आएगा तब होगा," रोहित म्हणाला. "अभी कुछ भी कर लो, स्क्रोल नहीं होगा."

मी घरी येऊन आत्याला सांगितलं की जमत नाहीये. ती म्हणाली, "बरं." इतकंच.

त्या शनिवारी दुपारी मी बाल्कनीत तिच्या पायाशी बसले होते. लॅपटॉप तिच्या मांडीवर तसाच उघडा होता, मी मघाशी शेवटचा प्रयत्न करून ठेवलेला. ऊन, धूळ, क्रेन. मला पेंग येत होती. आत्याने बोट टचपॅडवर टेकवलं आणि गोल गोल फिरवायला लागली, हळू, एका लयीत. मला ती हालचाल ओळखीची वाटली. हात धड होते तोवर ती रोज सकाळी देवासाठी सहाणेवर गंध उगाळायची. अगदी तसंच. मला वाटलं, चाळा आहे.

मग तिच्या चष्म्याच्या काचेत काहीतरी सरकताना दिसलं.

मी उठून पाहिलं. पान खाली जात होतं. बाण एका जागी उभा, आणि मजकूर बोटाच्या लयीत शांतपणे वर सरकत होता. ती थांबली की थांबायचा. मला वाटलं, बोलले तर मोडेल. एक अनुभव वाचून संपल्यावर तीच म्हणाली, "या लोकांना भुतं रात्रीच कशी गं दिसतात? दिवसा काय ड्यूटीवर असतात का?"

रात्री ती दोन पोळ्या जेवली. आई माझ्याकडे बघत राहिली.

मी करून पाहिलं. माझ्या बोटाने फक्त बाण गोल फिरायचा. आईने, बाबांनी करून पाहिलं, तेच. रोहित मानायला तयार नव्हता. तो एका रविवारी घरी आला. सेटिंग्ज तपासल्या, गोल फिरवून पान सरकवायची सोय काही टचपॅडना असते म्हणाला, पण इथे तर टचपॅडच ओळखलेला नाही. अजूनही साधा माऊसच. मग त्याने लॅपटॉप आत्याच्या मांडीवर ठेवला. "बुआजी, ज़रा दिखाइए ना."

आत्याने बोट फिरवलं. पान सरकलं. रोहितने तिचं बोट पाहिलं, स्क्रीन पाहिली, परत बोट पाहिलं.

"यार सई," तो शेवटी म्हणाला, "ये हो नहीं सकता."

"तुम्हारी चाय ठंडी हो रही है," आत्या म्हणाली.

एकच अडचण होती. पान वर जायचं नाही. मी म्हटलं, उलटं फिरवून बघ ना. तिने मान हलवली. गंध उगाळताना हात उलटा फिरवायचा नसतो, तिच्या आईने शिकवलं होतं. मी हसले. म्हटलं, हे काय गंध आहे का?

"असू दे. उलटं फक्त गेलेल्यांच्या कामात करतात," ती म्हणाली. "मी अजून इथेच आहे." आणि मागचं काही पुन्हा बघायचं असलं, की मला हाक मारायची. तेवढी एक हाक तिला उष्टी वाटत नसावी.

ती थंडी, पुढचा उन्हाळा आणि त्यानंतरची थंडी ती वाचत राहिली. तुमच्यापैकी अनेकांना ती नावाने ओळखायची. कोण बढाई मारतो, कोण खरंच घाबरलाय, सगळं सांगायची. तिने इथे कधी एक अक्षर लिहिलं नाही. पण तुम्हाला एक वाचक होती, आणि ती तुमच्यावर जगत होती, हे तुम्हाला कळावं म्हणूनही मी लिहिते आहे.

मग एका पहाटे तिचं हृदय थांबलं. झोपेतच.

दिवसकार्य घरीच केलं. गुरुजींनी बाबांना जानवं दुसऱ्या खांद्यावर घ्यायला लावलं, पाणी सोडताना हात उलटा वळवायला लावला. तेव्हा मला तिचं ते वाक्य आठवलं, बस. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही.

सगळं आटोपून लोक गेले. दुपारचं ऊन बाल्कनीत आलं होतं. तिची खुर्ची होती आणि खुर्चीवर लॅपटॉप. मी तो आत ठेवायला म्हणून उघडला. स्क्रीन उजळली. तिने शेवटचा वाचलेला लांबलचक अनुभव अगदी तळाशी येऊन थांबला होता. शेवटपर्यंत वाचलं होतं तर. मला बरं वाटलं. मी खाली बसले, तिथेच, नेहमीच्या जागी. समोरचा टॉवर पूर्ण झाला होता, क्रेन कधीच उतरवली होती.

आणि पान वर जायला लागलं.

लॅपटॉपला कोणी हात लावलेला नव्हता. माझे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर होते, मी त्यांच्याकडे बघून खात्री केली. मजकूर त्याच लयीत सरकत होता – थोडं सरकणं, किंचित थांबणं, पुन्हा सरकणं – पण उलटा. सावकाश. चंदनाचा वास वगैरे काही आला नाही. आला असता तर मीच विश्वास ठेवला नसता. भीती वाटली का? नाही. शेजारी कोणीतरी शांतपणे काम करत असताना जसं वाटतं, तसं वाटलं. अगदी वर, शीर्षकापाशी येऊन पान थांबलं.

पुढे लिनक्सचं नवं व्हर्जन आलं. आता त्या लॅपटॉपवर दोन बोटांनी सगळं नीट सरकतं, वर आणि खाली. रोहित म्हणतो, हार्डवेअर में कुछ लोचा होगा. असेलही. मला तरी दुसरं काही सांगता येत नाही, आणि तिचं बोट तिथे काय करत होतं हे त्यालाही सांगता येत नाही.

त्या दुपारी मी बराच वेळ वाट पाहिली. पान पुन्हा हललं नाही. मग मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा इतकं लांब मराठी, अडखळत, कोणी न सांगता. मनातल्या मनात वाचलं. मोठ्याने वाचलेलं तिला चाललं नसतं.