तलावाच्या पाळीवरचा गाऊन

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ते सांगताना मी अजूनही मान ताठ करते. पण ज्या दिवशी काळा गाऊन घालून पदवी घेतली, त्या दिवशी बाबांची खुर्ची रिकामी होती.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. धुतलेलं धोतर, हातात हुरड्याची पिशवी. मी पत्रात कळवलेली समारंभाची तारीख त्यांनी बाजाराला बांधून ठेवली होती : बाजारानंतर तिसरा दिवस. संक्रांतीमुळे त्या आठवड्यात गावचा बाजार एक दिवस पुढे गेला, आणि बाबाही त्याच्यासोबत.

मी धड बोलले नाही. गाऊन पाचच्या आत परत करायचा होता. होस्टेलात पुरुषांना आत घेत नसत, म्हणून गाऊनची थैली घेऊन त्यांना अंबाझरी तलावावर नेलं. काठाच्या पायवाटेनं आम्ही दुपारपर्यंत चाललो. बाबा पाण्याकडे पाहत राहिले. एवढं पाणी अन् शेत एकही नाही, एवढंच बोलले. थैली मात्र त्यांनी माझ्याकडून घेतली ती परत देईनात.

पार टोकाला, फिरायला येणारी माणसं संपली तिथं, ते थांबले.

"घाल वं माय एकदा. मले पाहू दे."

मी गाऊन घातला. काल समारंभात कशी चालली होतीस, तशी चाल म्हणाले. मी पाळीवरून चालले, ते बाजूला टोपी नीट करून उभे. गवत कापणाऱ्या एका बाईनं त्यांना विचारलं, वकील आहे का ही?

"नाही. बीए झाली," बाबा म्हणाले. "पोरगी आहे माही."

माझा राग तिथंच गेला. वळून आले तेव्हा दिसलं, त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

गाऊनच्या घेराला वाळल्या गवताची कुसळं चिकटली होती. मी घाबरले. बाबा खाली बसले, गाऊन मांडीवर घेतला आणि बैलाच्या शेपटीतून काढावं तसं एकेक कुसळ नखानं काढू लागले. मी म्हटलं, राहू द्या थोडी, कोण पाहतं?

"हे पुढच्या साली दुसरं कोणी घालन ना?"

"हो."

"मंग? त्याचा बाप येईन पाह्याले."

पाचला दहा मिनिटं असताना आम्ही गाऊन परत केला.