टोरिबिया मावशीचा पाव

"भट्टीला घाई कळत नाही," टोरिबिया मावशी ऊठसूट म्हणायची. आमच्या गावात पावाची भट्टी एकच, आणि तिची राखणदार मावशी. आपला पाव ओळखू यावा म्हणून बायका भाजण्याआधी त्यावर घरचा लाकडी शिक्का उठवत. मावशीला शिक्का लागत नसे. पावाच्या कडेला उमटलेली बोटं पाहून ती सांगे, "हा मेन्सियाचा. पोरगी पीठ मळत नाही, गोंजारते."

सरदाराने गावच्या लेकीबाळींवर हात टाकला, तेव्हा एका सकाळी सगळं गाव कोयते घेऊन त्याच्या गढीत शिरलं. सरदार मेला. पहिला घाव मेन्सियाच्या नवऱ्याचा, गिलचा होता. तो डोंगरात पळाला.

मग राजधानीहून न्यायाधीश आला. मारणाऱ्याचं नाव कुणी सांगेना. पण डोंगरातल्या मेंढपाळांच्या रिकाम्या झोपडीत शिपायांना अर्धा पाव सापडला, शिक्का खरवडलेला. पळालेल्याला ज्या घरचा पाव पोचला, ते घर फासावर जाणार होतं.

भट्टीपुढे सगळ्यांना उभं केलं. मेन्सियाने तान्ही लेक छातीशी घट्ट धरली होती.

"म्हातारे, तू म्हणे डोळे झाकून ओळखतेस. कुणाचा हा?" न्यायाधीशाने तो अर्धा पाव पुढे केला.

मावशीने पाव हातात फिरवला. कडेवर मेन्सियाची बोटं लख्ख उमटलेली.

"माझा."

"खोटं! तू पीठ मळतेस तरी का?"

"मळायचं कशाला, साहेब? भाजणावळ म्हणून दर घर मला एक पाव देतं. माझ्या पेटीत पडला की तो माझा. त्यातलाच वर नेऊन दिला."

"या गुडघ्यांनी? डोंगरावर?"

"बसत-उठत गेले. तरी तुमच्या घोड्यांच्या आधी पोचले."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशाने पेटी उघडायला लावली. आत बारा घरांचे बारा पाव, प्रत्येकावर वेगळा शिक्का. एकाही घरावर बोट ठेवता येईना. मग त्याने मावशीलाच बांधायला सांगितलं.

जाताना ती मेन्सियापाशी थांबली.

"आतले पाव काढ. पुढचे घालण्याआधी भट्टीत ओला झाडू फिरव."

"मावशी, मी..."

"गप गं. पोर जागी होईल."

दोन घोड्यांच्या मधून, एका पायावर कलत, ती कोर्दोबा शहराच्या वाटेला लागली. मेन्सिया भट्टीच्या दारात उभी राहून बघत होती. तिच्यामागे आम्ही सगळे, टोप्या हातात धरून.