सभासदांच्या बातम्या

वैजयंती मोहरीर लग्न होऊन सांगलीहून दिल्लीला आली, तेव्हा नवऱ्याच्या कचेरीतल्या लोकांना मानसशास्त्रज्ञ म्हणजे वेड्यांची डॉक्टर एवढंच ठाऊक होतं. मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत तिनं आपलं काम सुरू केलं, पण कितीतरी महिने तिथं कोणी फिरकलंच नाही. एखादा आलाच तर जिन्यात ओळखीचं कोणी नाही ना हे बघून मगच घंटी वाजवायचा. अशा दिवसांत तिला सल्लागार मानसशास्त्रज्ञांची संघटना सापडली. जेमतेम चाळीसेक माणसं, महिन्यातून एका रविवारी शाळेच्या सभागृहात जमायची, एखादं व्याख्यान ऐकायची आणि समोसे खाऊन घरी जायची.

पहिल्याच सभेत एका गृहस्थांचं भाषण संपता संपेना. वैजयंती स्वतःशीच पुटपुटली, "आवरा हो आता." मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. वळून बघते तर जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई तोंडावर पदर धरून बसलेली. ती नीला सबनीस. मूळची धुळ्याची, शाळकरी मुलांसाठी काम करणारी.

संघटनेचे अध्यक्ष हरीशजी यांनी लवकरच चार पानी वार्तापत्र त्या दोघींच्या गळ्यात टाकलं. शेवटचं पान सभासदांच्या बातम्यांचं. कोणाला डॉक्टरेट मिळाली, कोणी नोएडात नवं क्लिनिक थाटलं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं. वैजयंतीच्या गॅलरीत बसून त्या ते पान लावायच्या. तासाभराचं काम, पण उठायला संध्याकाळ व्हायची. दिवसभर लोकांचं ऐकून मनात जे साचतं ते कुठं रितं करायचं, हा दोघींचाही प्रश्न होता. कोणाचं नावगाव न घेता त्या एकमेकींशी बोलायच्या. एकदा स्पर्धा परीक्षेत पुन्हा नापास झालेला एक मुलगा, घरी कसं तोंड दाखवू, म्हणून वैजयंतीसमोर तासभर रडून गेला होता. तिनं ते सांगितल्यावर नीला उठून स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "कणीक कुठंय? आज पोळ्या मी करते."

मग दिल्लीच्या अवतीभवती नवी शहरं उभी राहू लागली. गुडगावात काचेच्या इमारती आल्या, मानेसरला कारखाने आले, आणि त्यांना आता मानसशास्त्रज्ञ हवे होते. कामगारांच्या चाचण्या घ्यायला, साहेबांना ताण सोसायला शिकवायला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीनं नीलाला बोलावून घेतलं. ती गुडगावला राहायला गेली.

"चलो, फार लांब थोडीच आहे? रविवारी येत जाईन," निघताना नीला म्हणाली.

सुरुवातीला आलीही. मग सभेला उशिरा येऊन लवकर जाऊ लागली, मग नुसते फोन, मग दिवाळीचा तेवढा एक फोन. वैजयंती वार्तापत्र एकटीच काढत राहिली. तिच्या पुढच्या खोलीबाहेर आता माणसं ताटकळत बसत. नवरा भला माणूस, पण ऑफिसातून थकून यायचा. मुलगी हिंदीतच हसायची, हिंदीतच भांडायची. गॅलरीत दोन खुर्च्या तशाच होत्या. वैजयंती एका खुर्चीत बसून पानं तपासायची आणि एखादी गंमत दिसली की तिची मान आपोआप दुसऱ्या खुर्चीकडे वळायची.

गुडगावच्या एका नव्या हॉटेलात संघटनेचं अधिवेशन भरलं, ते नीलाच्याच कंपनीच्या मदतीनं. वैजयंती ठेवणीतली इरकल नेसून गेली. नीला सुटाबुटातल्या पाहुण्यांमध्ये अडकलेली. जेवणाच्या रांगेत तिनं वैजयंतीचा हात दाबला. "अगं, एकदा निवांत भेटू हं. बिल्कुल निवांत." आणि कोणाची तरी हाक आली म्हणून गेली.

त्यानंतरच्या वर्षी हरीशजींचा फोन आला. "वैजयंतीजी, सभासदांच्या पानावर एक खबर घाला. नीलाजी कॅनडाला चालल्यात, कायमच्या. संघटनेतर्फे शुभेच्छा, असं काहीतरी लिहा."

"कधी?" एवढंच तिला विचारता आलं.

"याच आठवड्यात. तुम्हाला माहीत असेल, असं मला वाटलं."

आजवर किती घरांची सुखदुःखं तिनं त्या पानावर दोन ओळींत बसवली होती. ही बातमी तिच्यानं लिहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सगळ्या भेटी पुढं ढकलून ती बसनं धौला कुआँला गेली, तिथून दुसरी बस धरून गुडगावला. हायवे उकरून ठेवलेला, बस धुळीतून रांगत होती. नीलानं दार उघडलं. मागं खोलीभर खोकी.

"हरीशजींनी सांगितलं ना?" नीला म्हणाली. "मी तुला फोन करणार होते."

"नव्हतीस करणार," वैजयंती म्हणाली.

नीला एका खोक्यावर बसली. खोकं बांधायच्या सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माझं काम काय होतं, माहितीये तुला? चाचण्या वगैरे पहिली दोन वर्षं. मग कंपनी माणसं कमी करायला लागली. ज्यांना काढायचं त्यांना माझ्याकडे पाठवायचे. त्यांनी आरडाओरडा न करता घरी जावं, म्हणून मी त्यांच्याशी गोड बोलायचं. ती माणसं शेवटी माझेच आभार मानून जायची गं."

"मला सांगायचंस."

"कसं सांगू? तू मध्ये एक शब्द न बोलता ऐकतेस. तुझ्यासमोर बसलं की खरं बोलावं लागतं. म्हणून तर मी यायची बंद झाले. मुलगा तिकडे बोलावतोय, हे निमित्त आहे. मला इथून पळायचंय."

वैजयंतीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. "आणि मी? मी कोणाशी बोलत होते इतकी वर्षं, विचारलंस कधी? जगाचं ऐकते मी, नीला. माझं ऐकणारी तू एकटीच होतीस."

मग दोघीही रडल्या. चहाची भांडी खोक्यात गेली होती, म्हणून शेजारणीकडून चहा आला. अंधार पडेपर्यंत त्या बोलत राहिल्या, पण इतक्या वर्षांचं एका दुपारीत मावणार कसं? बसथांब्यावर नीलानं तिचा हात सोडला नाही. बस आली तेव्हा वैजयंतीलाच तो सोडवून घ्यावा लागला.

बातमी छापून आली, दोन ओळींची. कॅनडाहून फोन यायचे, पण तिकडची सकाळ ती इकडची रात्र. दोघींपैकी एक नेहमी झोपेला आलेली.

पुढच्या सभेत वैजयंती उभी राहिली आणि म्हणाली, व्याख्यान झाल्यावर अर्धा तास आपण आपल्याबद्दल बोलू. पेशंटबद्दल नाही, आपल्याबद्दल. काहीजण समोसा घेऊन निघून गेले. जे थांबले, त्यांतले एक वयस्क डॉक्टर बायको गेल्याचं पहिल्यांदाच बोलले. हळूहळू त्या अर्ध्या तासासाठीच माणसं येऊ लागली. वैजयंती सगळ्यांचं ऐकायची, स्वतः मात्र कधी बोलली नाही.

एकदा अश्लेषा नावाची नवी सभासद आली. मराठी घरातली, पण दिल्लीतच वाढलेली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, आणि तुमचं?"

वैजयंती हिंदीत बोलू लागली. एक मैत्रीण होती, दूर गेली, असं सांगता सांगता अडखळली. "मला ना... हुरहूर लागते," ती मराठीतच म्हणून गेली.

"हुरहूर म्हणजे? आमच्याकडे हा शब्द कोणी बोलत नाही," अश्लेषा म्हणाली.

वैजयंतीनं हिंदीतला प्रतिशब्द आठवून पाहिला, इंग्रजीतला पाहिला. एकही बसेना. "सांगते," ती म्हणाली, "पण वेळ लागेल."

अश्लेषानं आपली खुर्ची तिच्या जवळ ओढून घेतली.