पेल्यावरचं नाव

डोंबिवलीतली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा आईला कोपरला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये हलवणं आलं. तिथे आई मावत होती, तिची भांडी मावत नव्हती.

आमच्याकडे साधी वाटी दिली तरी काठावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून देतात. न जाणो, घेणारा विसरला तर पुरावा हवा. त्यामुळे आईची मांडणी वाचली की बारशाला कोण आलं होतं आणि एका चमच्यावर कुणी भागवलं, ते कळायचं.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, ठाण्याला बत्तिसाव्या मजल्यावर राहतो. तिथून त्याला सगळंच सोपं दिसतं. "सगळ्यांचे फोटो काढू, भांडी मोडीत देऊ," तो म्हणाला. "आठवणी क्लाउडवर सेफ." मी कळव्याला राहते, म्हणजे जवळ, म्हणजे गोण्या भरायला मी.

आईने एकाच भांड्यासाठी तोंड उघडलं. शाळेत धावण्याच्या शर्यतीत तिला मिळालेला स्टीलचा छोटा पेला, तिच्या माहेरच्या नावाचा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि आधार कार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत तेच लागलं. भावंडं तिला नुसतं ताई म्हणायची. जुनं नाव उरलं होतं ते त्या पेल्यावर.

"हा एक राहू दे की रे," आई म्हणाली.

"आई, एक ठेवला की सगळेच ठेवावेसे वाटतात. मस्त क्लोजअप घेतो ना."

आईने पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. "नाव नीट येऊ दे हं."

फोटो झाल्यावर तो पेला मीच गोणीत टाकला. मला लवकर निघायचं होतं, आणि दादाशी वाद घालायचा कंटाळा आला होता.

दादाने फोल्डरला 'आईचा खजिना' असं नाव देऊन फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली. दिव्याला राहणाऱ्या मावशीपासून सगळ्यांनी लाल बदाम पाठवले. लिंक कुणी उघडली नाही, पण डोळे सगळ्यांचे पाणावले.

कोपरला गेल्यावर आठवड्याभराने आई म्हणाली, "माझा पेला दाखव गं."

मी फोनवर फोटो उघडला. आईने घासूनपुसून ठेवलेलं स्टील, लखलखीत. जिथे नाव असायला हवं तिथे फ्लॅशचा पांढरा गोळा, आणि उरलेल्या पेल्यात दादा. हातात फोन, पोट पुढे, डोकं लिंबाएवढं. मी पुढचे फोटो सरकवले. परातीत दादा, कळशीत दादा, डब्याच्या झाकणावर दादा, चमच्यात उलटा दादा. आईचा खजिना म्हणून आम्ही क्लाउडवर दादालाच जपून ठेवलं होतं.

मला हसू आवरेना. आई हसली नाही. ती परत पेल्याच्या फोटोवर गेली आणि दोन बोटांनी तो पांढरा गोळा मोठा करत बसली. बराच वेळ करत होती.

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डोंबिवली स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन तसाच पेला घेतला. दुकानदाराने नाव कोरायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "काय नाव टाकायचं?"

लहानपणभर मी त्याच पेल्यातून पाणी प्यायलेय. काठ कधी वाचला नव्हता. आईचं तांदळातलं नाव मला पाठ होतं. दुसरं कधीतरी ऐकलं असेन, पण आठवेना. दुकानदार थांबला होता, मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं. शेवटी मी आईला फोन लावला आणि माझ्या पन्नाशीत तिला तिचं नाव विचारलं.



"दादाचं घाल," आई म्हणाली. "फोटोत तोच आहे."