‘मालक’ या शब्दाखालच्या लाल रेघा

तुम्ही शेवटचं ‘मालक’ कुणाला म्हणालात, आणि तेव्हा तुमची मान ताठ होती की वाकलेली?

सोळाव्या वर्षी मी हा प्रश्न लोकांना तोंडावर विचारायची. आईच्या मामेभावाला तर तो जेवायला बसलेला असताना विचारला. आई म्हणाली, “आधी त्यांला भाजी वाढ, मंग मान मोज.”

माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायची, भोकरदनच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर वेचून ओळ लावायची, हे त्यांचं काम. दिवसभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. काम सुटलं की शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं ते फुकट जुळवून द्यायचे. त्या पत्रकांची वाया गेलेली प्रुफं घरी यायची आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. आमच्याकडे दुसरं छापलेलं काही नव्हतं.

पत्रकांत ‘मालक’ हा शब्द इतका लागायचा, की दादांनी तो दोऱ्यानं बांधून तयारच ठेवला होता. लग्नपत्रिकेसाठी ‘चि. सौ. कां.’ बांधून ठेवलेलं असे, त्याच्याच शेजारी. दरवेळी नव्यानं जुळवायला नको. त्या शब्दाच्या पुढं-मागं मी कायम ‘मुजोर’ आणि ‘जुलमी’ वाचलं. तिसरं काही असू शकतं, असं मनातही आलं नाही.

छापखान्याचे शेठजी राजस्थानातून काही पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातले. दादा त्यांना शेठजी म्हणत. मालक कधीच नाही. याचा मला फार अभिमान होता. संध्याकाळच्या पत्रकांचं शेठजींना ठाऊक होतं, आणि त्यांचा एकच नियम होता. इथं जुळलेल्या प्रत्येक मजकुराचं पहिलं प्रूफ ते स्वतः वाचणार. मग ती बारशाची पत्रिका असो की बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांवर तुटून पडलेलं पत्रक. भिंग घेऊन वाचायचे, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. एखादी गोष्ट खरी वाटली नाही, तर त्या ओळीसमोर समासात प्रश्नचिन्ह करायचे. छापायचं थांबवलं मात्र कधीच नाही.

अकरावीत असताना वाचनालयातून मी एक जाडजूड कादंबरी आणली. फार जुनी, स्पेनमधली, मराठीत आणलेली. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलेला एक उतारवयाचा जमीनदार जुन्या काळचा वीर व्हायला घराबाहेर पडतो आणि गावातल्या एका गरीब शेतकऱ्याला चाकर म्हणून सोबत घेतो, अशी ती गोष्ट. लोक म्हणतात, वाचताना हसू आवरत नाही. मला हसू आलं नाही. चाकर पानापानावर ‘मालक’ म्हणत होता. मूळ स्पॅनिशमध्ये त्या जागी कोणता शब्द आहे, एक आहे की तीन, मला ठाऊक नाही. मला मराठीतलाच दिसत होता. मी लाल पेन्सिल घेतली आणि जिथं जिथं तो आला तिथं खाली रेघ मारत गेले. वाचनालयाचं पुस्तक खराब करते आहे, हे कळत होतं. पण मला वाटत होतं, मी पुरावा गोळा करते आहे.

एका जागी मात्र दोन रेघा मारल्या. तिथं चाकर मालकाला खाली पाडतो, छातीवर गुडघा ठेवतो आणि बजावतो, की माझा मालक मीच आहे. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. अखेर जागा झाला, असं वाटलं. आणि मग शेवट आला. मालक शहाणा होऊन मरायला टेकलेला, आणि हा चाकर पलंगाशी रडत त्याला विनवतो, की असे पडून राहू नका, उठा, आपण पुन्हा रानात जाऊ. तिथंही तोच शब्द. मी समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं : लाचार.

दादा दुपारच्या सुट्टीत भाकरी खाताना तीच कादंबरी वाचत होते. त्यांचं वाचून झालं. मी पुस्तक परत केलं.

त्या हिवाळ्यात बाजारात बोलवा उठली, की शेठजी छापखाना बंद करून सगळे खिळे वजनावर विकणार. खोटंही वाटेना. जालन्यात ऑफसेट छपाई आली होती. आमच्याकडच्या लग्नपत्रिका आता जीपमध्ये बसून जालन्याला जात आणि रंगीत होऊन येत. पण एवढं मोठं दादांनी घरी सांगितलं कसं नाही? म्हणजे त्यांनाही कुणी विचारलं नसणार. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यातलं तिसरं वाक्य मला सगळ्यांत आवडलं होतं : इतकी वर्षं राबलेल्या कामगाराला मालकाने साधं विचारलंही नाही.

दादा कागद हातात धरून बराच वेळ उभे राहिले.

“जुळवनार न्हाई म्हनता का?” मी म्हटलं.

“जुळवतो की. कंपोझिटर मजकूर बदलत नसतो. लिहिलं तसं लावायचं.”

“मंग बघून काय राह्यले?”

“तुझं अक्षर. मुंग्या फिरून राह्यल्या नुस्त्या.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम छापखान्यात गेले. शेठजी प्रूफ वाचताना त्यांचा चेहरा मला बघायचा होता. ते खिडकीशी बसले होते. भिंग कागदाला जवळजवळ चिकटलेलं.

“पोरी, पिळवणूक लिहिताना णू दीर्घ,” ते म्हणाले. “पिळवणुकीत लिहिलं की ऱ्हस्व. माझ्याविरुद्ध लिहायचं तर बराबर लिही.”

मी हसले नाही. त्यांनी णू सुधारला आणि तिसऱ्या वाक्यावर थांबले. पेन्सिल उचलली, समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद माझ्याकडे नाही, दादांकडे दिला.

“एवढं बघून घ्या, भाऊ.” आणि उठून ते मागच्या खोलीत गेले.

“काय बघायचं त्याच्यात?” मी विचारलं.

दादांनी हातावरची शाई फडक्याला पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिले.

“विचारलं व्हतं त्यांनी,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आधीच. म्हन्ले, भाऊ, डोळ्यांनी दिसंना, काम बी येईना. बंद करू का?”

“मंग तुमी काय म्हन्ले?”

“मी म्हन्लो, मालक, असं बसू नका. उठा. एवढी लग्नसराई काढू. गावोगाव मी फिरतो, काम आनतो.” फडकं खाली ठेवत ते म्हणाले, “शब्द कसा आला, न्हाई सांगता येत. पाय न्हाई धरले मी कुनाचे. पन शब्द तोच व्हता.”

“घरी का न्हाई सांगितलं?”

“सांगनार व्हतो. त्याच हप्त्यात तुझ्या पुस्तकाचा शेवट वाचला. कडंला तू लिहिलेलं बी वाचलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “म्हन्लं, पोरगी आपल्याला बी तेच म्हनंल.”

वाक्य खोटं आहे हे जुळवताना त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ते एकेक खिळा वेचून लावलं, कारण खरं सांगितलं असतं तर माझ्या नजरेतून उतरावं लागलं असतं. हे पत्रक गावभर वाटलं गेलं असतं. खोटं वाक्य, माझ्या हातचं, त्यांच्या हातून.

“मोडा,” मी म्हटलं.

त्यांनी मजकूर मोडला. अक्षरं आपापल्या खणांत परत टाकली. मी शेजारी उभी राहून बघत होते. शेवटचा खिळा पडेपर्यंत शेठजी बाहेर आले नाहीत.

ती लग्नसराई छापखाना चालला. दादा जाफराबादपर्यंत फिरून काम आणत होते. उन्हाळा संपल्यावर खिळे विकले गेले. न्यायला टेम्पो यायच्या आधी दादांनी बांधून ठेवलेल्या शब्दांचे दोरे सोडले. आधी ‘चि. सौ. कां.’, मग ‘मालक’. कुणी सांगितलं नव्हतं. भंगारात जाणारी अक्षरंही त्यांनी ज्याच्या त्याच्या खणात ठेवली.

मी आजही पत्रकं लिहिते. मजुराची पिळवणूक होते, मालकच करतो, यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही, आणि ‘मालक’ अजूनही कुणाला म्हणत नाही. पण ती कादंबरी मनात उलटीसुलटी चाळते तेव्हा माझ्याच रेघा मला वेगळ्या दिसतात. तो चाकर त्याच शब्दानं मालकाला धोक्याची सूचना देतो, थापा मारतो, पगार मागतो, चिडतो, चेष्टा करतो. छातीवर गुडघा ठेवलेला आणि पलंगाशी रडणारा माणूस एकच आहे. मी शब्द मोजत गेले, म्हणणाऱ्याकडे पाहिलं नाही. घरातही नाही.

पत्रक मोडलं त्याच आठवड्यात मी खोडरबर घेऊन वाचनालयात गेले होते. पुस्तक कुणीतरी नेलं होतं. ते परत आलंच नाही. नंतर अनेकदा विचारून आले.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, शाळेच्या कपाटात खाकी कव्हर घातलेली अशी एखादी जाड कादंबरी असेल, तर उघडून बघा. लाल रेघा असतील तर राहू द्या. शेवटच्या प्रकरणावर जा. समासात माझ्या हस्ताक्षरात एक शब्द असेल. तेवढा पुसून टाका.