दोन बटणांचं चावीचं घड्याळ

घड्याळदुरुस्तीच्या दुकानात किस्से का साचतात, त्याचं कारण साधं आहे. गिऱ्हाईक घड्याळ हातात देतं, तुम्ही डोळ्याला आयग्लास लावून मान खाली घालता. समोरच्याला वाटतं, हा आता ऐकत नाही. मग तो मोकळा होऊन बोलतो!

सांगलीत स्टँडजवळ माझं साडेतीन फुटांचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीला तिथं संध्याकाळी दोघं हमखास यायचे. एक कांबळे सर, कुपवाडच्या शाळेत पीटीचे शिक्षक. दुसरे सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. फौज सुटली तरी आवाज परेडचाच राहिला होता. आम्ही तिघांनी मिळून एक घड्याळ शोधलं. एकच! त्याला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं एरवी कधी फिरलं नाही.

*

सुरुवात सुनीतापासून झाली. सरांच्या शाळेतली आठवीतली मुलगी. वडील एका वर्कशॉपमध्ये लेथवर. पोरगी आठशे मीटर असं पळायची की बघणाऱ्याला दम लागावा.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मुली जास्त झाल्या, म्हणून दोन तुकड्यांत पळवल्या आणि नंबर वेळेवरून काढले. सुनीता तिच्या तुकडीत पहिली आली. पण जाहीर झालेली वेळ तिच्या रोजच्या सरावापेक्षा तेरा सेकंद जास्त! नंबर चौथा.

सर तक्रार करायला गेले. पंच म्हणाले, "तुमच्याकडं पुरावा काय?"

सरांच्या हातात आकडे दाखवणारं प्लास्टिकचं घड्याळ होतं. शर्यतीच्या मध्येच त्याचा सेल संपला होता. काच कोरी! आणि स्टॉपवॉच आणावं तर नियम असा की ते फक्त पंचांनी वापरायचं, बाकीच्यांनी मैदानात आणायचं नाही.

सरांनी ते प्लास्टिकचं घड्याळ माझ्या काउंटरवर आपटलं.

"सेल बदलू?" मी विचारलं.

"नको. चावीचं पाहिजे. सकाळी चावी दिली की दिवसभराची खात्री. आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा म्हणायची कुणाची छाती आहे?"

म्हणजे त्यांना पाहिजे होता क्रोनोग्राफ. वेळ दाखवणारं घड्याळ आणि स्टॉपवॉच, दोन्ही एकात. चावीच्या वर एक बटण, खाली एक. वरचं दाबलं की लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की परत बाराच्या रेघेवर. जुनी स्विस मशीनं अशी यायची. पण तेव्हा सगळा बाजार सेलच्या घड्याळांनी भरलेला. चावीचं मागितलं की दुकानदार तुमच्याकडं असा बघायचा, जसं काही तुम्ही बैलगाडीचं तिकीट मागितलंय!

*

पहिलं घड्याळ साताऱ्याला बघितलं. पेठेतलं मोठं दुकान, एसी, काचेचं दार. दुकानदारानं मखमलीवर एक घड्याळ ठेवलं. पिवळंधमक. दोन बटणं, डायलवर दोन छोट्या डायली. सर हरखले.

सरांनी वरचं बटण दाबलं. दबेना. जोर लावला. दबेना.

मी आयग्लास लावला. छोट्या डायली छापलेल्या! त्यांचे काटेसुद्धा छापलेले! बटणं बाहेरून चिकटवलेली!

"अहो, हे काय आहे?" मी ओरडलो.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "ती बटणं शोसाठी आहेत साहेब. दाबायला कुणी सांगितलं?"

सुभेदार उठून उभे राहिले. "गड्या, मग दुकानाचं दार तरी खरं हाय का रंगवलंयस?"

*

दुसरं घड्याळ चालून आलं. सांगलीतलाच एक एजंट घेऊन आला. केस अस्सल, डायल अस्सल, बटणं दबत होती. पण लांब काटा ढिम्म हलेना. एजंट म्हणाला, "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय. फर्स्ट क्लास."

मी मागचं झाकण उघडलं. आत अर्धी जागा रिकामी! जिथं क्रोनोग्राफची चाकं असतात तिथं मोकळं मैदान!

सर्व्हिसिंग करणाऱ्याचं नाव विचारलं. आमच्याच धंद्यातला निघाला, चार गल्ल्या सोडून त्याचं दुकान. मी शटर अर्धं ओढलं आणि तडक तिकडं गेलो. ह्या माणसानं वीस वर्षं चिमटा धरलेला!

"ह्यातली चाकं कुठायत?"

"ती व्हय?" तो आनंदानं म्हणाला. "जास्तीची होती, काढून टाकली. आता बघा कसं हलकं चालतंय!"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "जेवताना भांडताय कुणाशी?"

*

तिसऱ्यासाठी कोयनानगरला गेलो. हा किस्सा सांगताना मला हसू येत नाही. पण सोडूनही देता येत नाही.

प्रोजेक्टमधले एक साहेब, रिटायरमेंटला आलेले. धरणाचं काम चालू असताना कुणा परदेशी इंजिनिअरनं त्यांना घड्याळ भेट दिलेलं. ते विकायचंय असं सुभेदारांच्या मेव्हण्याकडून कळलं. घाटातल्या वळणांनी मी दोनदा खिडकीबाहेर डोकं काढलं, पण घड्याळ बघितलं आणि सगळं विसरलो. काय मशीन होतं! काटा सुटताना लोण्यातून सुरी जावी तसा सुटायचा. साहेब अभिमानानं म्हणाले, "भूकंपात कपाट पडलं, घड्याळ चालूच!"

चहा झाला. सरांनी सुनीताबद्दल सांगितलं. साहेब मान डोलवत होते. घड्याळ सरांच्या हातात होतं, सौदा झाल्यातच जमा. मग साहेबांनी सहज विचारलं, "सर, आपलं आडनाव नाही कळलं."

"कांबळे."

साहेबांनी हात पुढं केला. घड्याळ परत घेतलं, रुमालानं पुसलं, डबीत ठेवलं. "जरा घरात विचारून कळवतो. एका नातेवाइकानंही शब्द टाकलाय."

एक मिनिटापूर्वी ह्या माणसाला नातेवाईक नव्हता!

सुभेदारांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आवं साहेब, माझ्या पलटणीत आडनाव विचारून कुणी खांदा दिला न्हाई. तुमी घड्याळ द्यायला मनगटाचं आडनाव इचारायला लागला."

सर आधीच चपला घालून बाहेर पडले होते. आम्ही परतीची एसटी धरली. मी मनात त्या साहेबाला इतकं बोललो की माझा घसा सुकला. पाटण सुटल्यावर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मशीन मात्र चांगलं होतं हो."

*

चौथं घड्याळ मेढ्याला. एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांचे मालक जहाजावर इंजिनरूममध्ये होते, त्यांनी आणलेलं. मालक जाऊन बारा वर्षं झालेली. मला वाटलं, गंजलेलं असणार.

आम्ही गेलो तेव्हा बाई अंगणात भुईमूग वाळत घालत होत्या आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं! पट्टा पुरुषी, कोपरापर्यंत घसरत होता.

"आजी, हे चालू आहे?"

"चालू न्हाई तर काय? रोज सकाळी चावी देतीया मी. साताऱ्याचा एक दुकानदार आलता, म्हणाला चावीचं म्हंजी भंगार. भंगार म्हणाला मेला! त्याला म्हटलं, तू ऊठ, तुझा चहा मांजराला घालते."

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

आता निवडीचा प्रश्न. त्याच आठवड्यात एजंटनं दुसरा एक क्रोनोग्राफ आणला होता, तो ताडून बघायला आम्ही बरोबर घेतला होता. चकचकीत, काच नवी, ह्या वेळी चाकंसुद्धा सगळी! मेढ्याच्या घड्याळाची डायल पिवळी पडलेली, केसवर ओरखडे, काचेला चीर. सुभेदार कुजबुजले, "सर, नवंच घ्या. हे लढाईतनं आल्यागत दिसतंय."

सरांनी खाटेवर दोन्ही शेजारी ठेवली. वरचं बटण, पुन्हा वरचं बटण, मग खालचं. दहा वेळा. चकचकीतचा काटा परत येताना कधी रेघेच्या अलीकडं, कधी पलीकडं. मेढ्याचा काटा दहाच्या दहा वेळा बरोब्बर बाराच्या रेघेवर.

"ज्याला सुरुवात कुठनं करायची ते कळतं, ते घ्यायचं," सर म्हणाले.

बाईंनी पट्टा सोडला. "पळणाऱ्या पोरीसाठी व्हय? मग न्या. पर चावी सकाळीच द्यायची. आणि शेवटाला अडलं की थांबायचं, जोर न्हाई करायचा." माझ्या दुकानात तीस वर्षांत एकाही शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट माहीत नव्हती!

परत येताना सुभेदारांनी हळूच विचारलं, "मी एसटी बघाया गेलो तवा आजींनी आडनाव इचारलं का?"

"नुसतं नाव विचारलं," सर म्हणाले. "सुनीताचं."

*

आणि मग, जिल्ह्याची पायरी ओलांडल्यावर, साताऱ्याची विभागीय स्पर्धा. सुनीता त्यात पुढं निवडली गेली, दुसऱ्या दिवशी आठशे मीटर नव्यानं घेतली तेव्हा पहिली आली, हे आधीच सांगून टाकतो. कारण मला जे सांगायचंय ते आदल्या दुपारचं.

पुन्हा दोन तुकड्या, पुन्हा वेळेवरून नंबर. आम्ही तिघं चुन्याच्या रेघेबाहेर. बंदुकीचा बार झाला, सरांनी बटण दाबलं. सुनीता दुसऱ्या फेरीला सुटली आणि रेघ ओलांडली. सरांनी दाबलं. दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद.

माइकवर आलं, "दोन मिनिटं सदतीस."

नऊ सेकंद! सुभेदार निम्मे मैदानात शिरले होते. सर मात्र शांतपणे चालत वेळाधिकाऱ्यांपाशी गेले. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, स्टॉपवॉचची काळी दोरी खिशात गेलेली. सरांनी थांबलेला काटा दाखवला.

वेळाधिकारी हसले. "हे चावीचं? दिवसाला पाच मिनिटं मागं पडत असेल."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, दिवसाला पाच मिनिटं धरली तरी अडीच मिनिटांत अर्धा सेकंद होतो! नऊ कुठनं आणले?"

गर्दी जमली. स्पर्धेच्या प्रमुख बाई, एका शाळेच्या मुख्याध्यापिका, काठी टेकत आल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भांडता कशाला? दोन्ही घड्याळं एकदम चालू करा. फरक दिसेल."

सरांनी मनगट पुढं केलं. वेळाधिकाऱ्यांचा हात खिशातून येईना.

"मॅडम, पुढची शर्यत लावायचीय..."

"काढा."

स्टॉपवॉच बाहेर आलं. बाईंनी तीन आकडे मोजले. दोघांनी बटण दाबलं. सरांचा काटा निघाला. दुसरा जागचा हलला नाही. वेळाधिकाऱ्यांनी ते हलवलं, तळहातावर आपटलं. मी सवयीनं हातात घेऊन कानाला लावलं. आत शुकशुकाट!

"हे बंद आहे," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"सकाळपासून," वेळाधिकारी म्हणाले.

"सकाळपासून अकरा शर्यती झाल्या. त्यांच्या वेळा कुणी लिहिल्या?"

"मीच," वेळाधिकाऱ्यांनी टोपी सरळ केली. त्यांना प्रश्नाचाच अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. "मॅडम, वीस वर्षांचा अनुभव आहे. पोर पळताना नुसतं बघितलं की मला वेळ कळते!"