डाव्या बाजूनं रंगवलेली गाडी

लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं किस्से न्हाईत, असं कधी होत न्हाई. आम्ही तर तिघं, त्यात गाडी जुनी, अन् खर्चाला हात कायम आखडलेला! एक किस्सा सांगायला बसलं की मागचे चार "आधी मला, आधी मला" करत पुढं येतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. भोकरदनला आमचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. कॅमेरा माझा. हॅलोजनचा लाइट धरायला अशोक, माझा शाळेपासूनचा दोस्त. अन् गाडी चालवायला दौलतमामा, माझ्या आईचा सख्खा भाऊ. शूटिंगसोबत नवरदेवाला गाडीबी देतो म्हटलं की ऑर्डर पक्की! म्हणून तिघांनी मिळून पेट्रोलवरची जुनी गाडी घेतली. आमच्या आधी तिनं तीन मालक पाह्यले होते.

*

घेतल्या दिवशीच गाडी हमीदभाई मेस्त्रीकडं नेली. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून पाह्यलं, अन् कानावरची पेन्सिल काढून लिहायला बसला. ब्रेक, टायर, रेडिएटर, मागचा पत्रा, रंग... कागद पाठपोट भरला!

मी म्हणालो, "भाई, सगळं एकदम न्हाई जमायचं. दर सीझनला थोडं थोडं करू."

"तो पहले क्या? जान का काम, या शान का?"

"शान!" दौलतमामा लगेच बोलले. "लगीनसराई तोंडावर आलीय. आधी रंग मारा!"

हमीदभाईनं 'ब्रेक'भोवती गोल काढला अन् म्हणाला, "मामा, शान दिखाने गए तो वापस भी आना है ना?"

ब्रेक झाले!

*

ब्रेक झाल्यावर जे उरलं, त्यात अर्ध्याच गाडीचा रंग बसत होता. मामा काही ऐकंनात. मंग तोड निघाली. कॅमेरा माझाच होता ना! मी डाव्या बाजूनं शूटिंग करायचं, म्हणून रंगबी डाव्याच बाजूला. इकडून पाह्यलं तर पांढरीशुभ्र, तिकडून पाह्यलं तर भंगारातून उचलून आणल्यावाणी!

दोन महिने बराबर निभलं. मंग वडीगोद्रीच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यानं ऐन वरातीत गाडी उलटी फिरवायला लावली. "मंडपाकडं तोंड पाहिजे म्हणजे पाहिजे!" मी कॅमेरा घेऊन पळत पळत पलीकडं गेलो, तरी तोवर नको ती बाजू कॅसेटमध्ये आल्तीच.

आठ दिवसांनी चुलते दुकानात आले. म्हटलं, आता पैसे कापतात! ते खुर्चीवर टेकले अन् म्हणाले, "कॅसेट झकास झाली. फक्त एक सांगा, ती पांढरी गाडी तर नवरदेवाची. मंग ती दुसरी भंगार गाडी कोणाची होती?"

मामांनी डोळ्याची पापणीबी हलवली न्हाई. "नवरीकडची!"

चुलते एवढे खूश झाले की चहा त्यांनीच पाजला!

*

पुढच्या सीझनला कोणतं काम आधी, यावर रोज भांडण. मामा म्हणायचे रेडिएटर, मी म्हणायचो टायर, अन् अशोक म्हणायचा पत्रा. कारण अशोक मागं बसायचा अन् त्याच्या पायाखाली ताटाएवढं भोक होतं. खालून सडक पळताना दिसायची!

पिंपळगाव रेणुकाईच्या लग्नाला निघाल्तो. वाटेत मोठा गचका बसला अन् अशोकची एक चप्पल त्या भोकातून गेली. मागं जाऊन हुडकायला वेळ कुठला? मुहूर्त गाठायचा होता. उतरताना त्यानं दुसरीबी मंडपाच्या दारात काढून ठेवली, दुसरं काय करणार!

जेवणं झाली. अशोक दारात उभा, समोर एकच चप्पल. नवरीच्या बापानं ते पाह्यलं अन् त्याचा चेहराच पडला.

"आमच्या मांडवातून चप्पल गेली? अन् तीबी एकच? गावाची अब्रू गेली हो!"

अशोक "न्हाई न्हाई" करून राह्यलाय, पण ऐकतंय कोण! पुतण्याला सायकलवर पिटाळलं, कोरा करकरीत जोड आणवला, अन् स्वतःच्या हातानं अशोकच्या पायाशी ठेवला.

परतीच्या वाटेवर अशोक पाय वर घेऊन बसला होता. मामा आरशातून पाहत म्हणाले, "झालं ना तुझं काम? मंग आता रेडिएटर!"

*

एक मात्र हसण्यावारी न्यायचं न्हाई. राजूरच्या रस्त्याला उतारावर वळण होतं. गाडीत नवरदेव, त्याची दोन लहान भाचरं. वळलो अन् समोर आडवी बैलगाडी! मामांनी ब्रेक दाबला. गाडी बैलाच्या शिंगापासून हातभर अंतरावर थांबली. नवरदेवाच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. मामांनी ब्रेकवरचा पाय उचललाच न्हाई, बैलगाडी पार निघून जाईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच पेढे घेऊन हमीदभाईच्या गॅरेजात गेले. पेढे पुढं केले अन् थेट त्याच्या पाया पडायला वाकले. हमीदभाईनं त्यांना वरच्यावर धरलं.

"पेढा खाता हूँ, मामा. लेकिन पहले टायर बदलो!"

*

अन् त्या सुमन नावाच्या नवरीची पाठवणी! भोकरदनजवळच्या एका मळ्यात लग्न होतं. दुपारचे चार वाजलेले. सुमन आईच्या गळ्यात पडून रडून राह्यली, सगळा गोतावळा रडतोय, माझा कॅमेरा चालू. कशीबशी तिला गाडीत बसवली. शेजारी नवरदेव. त्याच्या उपरण्याची अन् तिच्या शालूची गाठ मारलेली.

मामांनी स्टार्टर मारला. घर्रर्र... बंद. पुन्हा मारला. घर्रर्र... बंद! बाया थोडं थांबल्या, पुन्हा रडल्या, पुन्हा थांबल्या. नवरदेवाचा बाप घड्याळ पाहू लागला. मामांना दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात मागून हुंदक्यातच आवाज आला, "काका... स्टार्टर नका मारू... पेट्रोल जास्त जाऊन राह्यलंय..."

सगळ्यांच्या माना गाडीकडं वळल्या! सुमन दार उघडून खाली उतरली. गाठ बांधलेली, म्हणून नवरदेवबी मागोमाग ओढत आला. तिनं बॉनेट उघडायला लावलं अन् मामांकडं हात केला. "पाना द्या."

चारही प्लग काढले. पेट्रोलनं ओलेचिंब! पुसायला काही सापडंना, तर नवरदेवाचं उपरणं ओढलं, एकेक प्लग पुसला, फुंकला, बसवला. नवरदेव आज्ञाधारकपणे वाकून उभा. तिचा बाप हळूच व्याह्याला म्हणाला, "काय न्हाई हो, विहिरीवरच्या पंपापासून माझ्या फटफटीपर्यंत सगळं हीच पाहती."

"आता मारा," सुमन म्हणाली.

पहिल्याच झटक्यात गाडी चालू! टाळ्या वाजल्या, अशोकनं लाइटसकट उडी मारली!

सुमननं मेंदीचे हात त्याच उपरण्याला पुसले, पदर नीट केला, आत जाऊन बसली, खिडकीतून आईकडं पाह्यलं, अन् जिथं थांबली होती तिथूनच पुन्हा रडायला लागली!